यूट्यूबवर एक लाख व्ह्यूज झाले की किती पैसे मिळतात?

ठरलेला दर नाही. व्ह्यूजच्या आकड्यावर जाऊ नका, ‘यूट्यूब स्टुडिओ’ या चॅनल सांभाळायच्या ॲपमध्ये ‘आरपीएम’ बघा: हजार व्ह्यूजमागे तुमच्या हातात पडणारी रक्कम. सीपीएम म्हणजे हजार जाहिरातींमागे जाहिरातदार मोजतो ते पैसे. दोन्हींत गल्लत फार होते. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरात उत्पन्नातले ५५ टक्के तुमचे. शॉर्ट्सचा हिशेब वेगळा, आणि बराच कमी.

समजा आरपीएम ३० रुपये आहे, तर लाखाचे ३,००० झाले. तोच व्हिडिओ अमेरिकेतल्या मराठी घरांत जास्त बघितला गेला, तर रक्कम बरीच वाढू शकते, कारण तिथला जाहिरातदार जास्त मोजतो. विषयानेही फरक पडतो. गुंतवणुकीवरच्या व्हिडिओला विनोदी क्लिपपेक्षा सहसा चांगला दर मिळतो.

मला विचाराल तर ‘परत येणारे प्रेक्षक’ हा आकडा रोज बघावा. खरी किंमत त्यांची. त्यांतल्या फक्त १०० जणांनी महिना ५९ रुपयांची मेंबरशिप घेतली, तर ५,९०० होतात. कर वजा जाऊन उरलेल्यातले ७० टक्के तुमचे, म्हणजे जवळपास ३,५०० रुपये. तेही दर महिन्याला, ती माणसं टिकली तर.