नऊ सरांचा हार

प्रिय मुली,

तुझं टिपण दोनदा वाचलं. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर दखनी मर्सियाला, म्हणजे करबलाच्या लढाईत मारल्या गेलेल्या इमाम हुसैनवरच्या दख्खनी बोलीतल्या शोककाव्याला, तू लखनौच्या मर्सियाची 'प्राथमिक अवस्था' म्हटलंयस, ते आधी खोड. लखनौचा मर्सियाकार मीर अनीस जन्मला १८०३ साली. त्याच्या सहा-सहा ओळींच्या कडव्यांत घोडा, तलवार, निरोपाचे संवाद असं सगळं सावकाश उलगडतं. गोवळकोंड्याच्या कवीला ते करायचंच नव्हतं. आशूरखान्यात, म्हणजे मोहरमच्या शोकसभेच्या जागी, अलमांसमोर (तिथल्या निशाणांसमोर) चालीवर म्हणता येईल आणि दुसऱ्या-तिसऱ्या शेरालाच गळा दाटून येईल, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून बहुधा गझलेसारखी एका यमकाची आटोपशीर रचना. गोवळकोंड्याचा सुलतान मुहम्मद कुली कुतुबशहा (कारकीर्द १५८० ते १६१२) गादीवर बसून असेच मर्सिये लिहीत होता. मीही पहिली काही वर्षं ते मनातल्या मनात वाचले आणि कोरडाच राहिलो. मोठ्याने म्हण, शक्यतो कुणासमोर तरी.

दुसरं, 'शिया काव्य' हा शब्द जपून वापर. अशरफ बियाबानीचं 'नौसरहार' हे करबलावरचं दखनी काव्य हिजरी ९०९ मधलं, म्हणजे १५०३-०४ (हिजरी वर्ष आपल्या दोन वर्षांत पसरतं, तू एकच आकडा लिहितेस). लिहिणारा सूफी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या अंबडच्या बियाबानी घराण्यातला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर या शिया विद्वानाच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारला तो १५३७ च्या सुमारास. म्हणजे त्या दरबाराच्या कितीतरी आधी करबलाची कथा इथल्या बोलीत आली होती. शेवटही तसाच. औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतलं, पण मर्सिया थांबला नाही. बुऱ्हाणपूरचा हाशिम अली त्यानंतरचाच. राजाश्रयाने सगळं उलगडतं असं समजू नकोस.

आणि ते नाव बघ ना, नौ-सर-हार! आपल्याकडे लग्नात 'किती सरांचा हार केला?' असं विचारतात, तोच हा सर. दखनी वाचताना हा फायदा तुला फुकट मिळालाय. तिथला 'नको' आपलाच. जोर देणारा 'च'सुद्धा आपलाच. 'लोगाँ', 'बाताँ' ही अनेकवचनं दोन दिवसांत अंगवळणी पडतील. अरबी शब्द कवी बोलण्यात होते तसेच यमकात बसवतात. त्यांना अशुद्ध म्हणून दुरुस्त करत बसलीस तर यमकच मोडेल.

तुझ्या टिपणातला कासिमचा भाग मला सगळ्यात आवडला, आणि तोच तू दोन ओळींत उरकलास. हुसैनचा भाऊ हसन याचा मुलगा, करबलाच्या रणात लग्न लागलेला नवरदेव. ही कथा हुसैन वाइझ काशिफीच्या फारसी 'रौजतुश्शुहदा'तून पसरली. पण इथे आल्यावर त्या लग्नाला मेंदी लागली, सेहरा चढला. नवरीच्या हातची मेंदी वाळण्याआधी ती विधवा होते, हे दखनी बाईला समजावून सांगावं लागत नव्हतं. मोहरमच्या सवारीमागे 'दूला, दूला' अशी आरोळी तू लहानपणी ऐकली असशील. तो दूला हाच. सबंध प्रकरण इथूनच सुरू कर.

बाकी दरबारांच्या वंशावळी परिशिष्टात टाक. पुढच्या आठवड्यात येताना एकच मर्सिया आण, देवनागरीत उतरवलेला, शब्दांखाली अर्थ न लिहिता. आधी तू म्हणून दाखव, मग बोलू.

तुझा,
सर