आयक्यूएसीत लिपिकानं करायचं काय?

तुमचा प्रश्न: "यवतमाळ जिल्ह्यातल्या अनुदानित कॉलेजात कनिष्ठ लिपिक म्हणून नुकताच लागलो. आयक्यूएसीत (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात) नाव टाकलंय. नॅकचं (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचं) काम तर प्राध्यापकांचं, मग मी काय करायचं?"

प्राध्यापकांचं, हे कोणी सांगितलं? आयक्यूएसीत प्रशासकीय माणूस हवा, हे नॅकच्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. विद्यार्थ्यांच्या सोयींचा खरा हिशेब कार्यालयात असतो, अन् विचारायला कोणी येत नाही.

शिष्यवृत्तीचंच घ्या. नॅकच्या निकष 5 मध्ये (विद्यार्थ्यांना साहाय्य अन् त्यांची प्रगती) पहिलंच विचारतात, लाभ किती विद्यार्थ्यांना मिळाला? आमच्याकडे समन्वयक सरांनी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या अर्जांची बेरीज भरली. डीव्हीव्हीत (नॅकच्या आकडे-पडताळणीत) ती परत आली, येणारच होती. एकाच पोराचे दोन योजनांत अर्ज असतात. काही अर्ज क्लार्क लॉगिनलाच पडून राहतात, काही त्रुटीत परत येतात. मंजूर झाला तरी खातं आधारशी जोडलेलं नसलं की पैसा पडत नाही. दुसरा हप्ता बरेचदा पुढच्या सत्रात येतो, म्हणून जमा तारखेवरून वर्ष धरलं की तेच पोरगं दोनदा मोजलं जातं. शेवटी कार्यालयातल्या रजिस्टरवरून यादी नव्यानं झाली: प्रवेश क्रमांक, योजना, अर्जाचं वर्ष, मंजुरीची तारीख, जमा की अडकलं, अडकण्याचं कारण. यादी प्रवेश क्रमांकानं लावा, दुबार नावं लगेच दिसतात. शेवटचा रकाना नॅक मागत नाही, पण सोय चालते की नाही ते तिथंच कळतं. पानभर 'आधार जोडणी नाही' दिसलं, तर प्रवेशाच्या आठवड्यातच बँकेचा माणूस कॉलेजात बसवा असा ठराव तुम्हीच मांडायचा.

टीसीच्या खिडकीवरही तेच. किती पोरं पुढं शिकायला गेली, हेही नॅक पुराव्यासह विचारतं. कारणाच्या रकान्यात सगळ्यांना 'पुढील शिक्षणासाठी' लिहून मोकळं होऊ नका. कुठं, कोणत्या वर्गाला, मोबाईल नंबर काय, तिथंच लिहून घ्या. प्रवेश झाला की पावतीचा किंवा ओळखपत्राचा फोटो मागवा. तीन वर्षांनी ते पोरगं पुण्याला कंपनीत असतं अन् नंबर बदललेला असतो.

ग्रंथालय परिचराला बैठकीत बोलवा. देवघेवीच्या रजिस्टरमध्ये दुपारची एसटी गेल्यावर एक नोंद सापडणार नाही, तरी फीडबॅकमध्ये 'ग्रंथालयाची वेळ समाधानकारक' यावर सगळ्यांची खूण असते. फॉर्म वर्गात, सरांसमोर भरून घेतलेला असतो ना! तो कार्यालयात, नाव न लिहिता, परीक्षा अर्जाच्या वेळी घ्या.

शिकवण्याच्या गुणवत्तेवर मात्र आपण मत देऊ नये, तो आपला प्रांत नाही. मूल्यांकनाची पद्धत बदलत असल्याचं नॅकनं जाहीर केलंय, त्यामुळे मेट्रिकचे (निकषाखालच्या मोजमापांचे) क्रमांक पाठ करत बसू नका. स्वतः न तपासलेल्या यादीवर सही करू नका, सर कितीही घाईत असोत.

आणि बैठकीत जे मांडाल ते इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या. नुसती हजेरीपटावर सही राहिली, तर पुढच्या एक्यूएआरच्या (नॅकला द्यायच्या वार्षिक गुणवत्ता अहवालाच्या) वेळी सर "यादी द्या" एवढंच म्हणतील.