बहिणीच्या गोळ्या थांबवल्या, मग मला हार्मोनचं जेल का?

प्रश्न : वय 51. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. रात्री अंगातून वाफा येतात, घामाने उशी भिजते, झोप होत नाही. थोरल्या बहिणीच्या हार्मोनच्या गोळ्या 2002 साली डॉक्टरांनी ‘कॅन्सर होईल’ म्हणून तडकाफडकी थांबवल्या होत्या. माझ्या डॉक्टर मात्र स्वतःहून इस्ट्रोजेन या हार्मोनचं, कातडीला लावायचं जेल सुचवतात. कुणाचं ऐकू?

उत्तर : तुमच्या डॉक्टरांचं. त्या वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ अभ्यासातली, दोन हार्मोन एकत्र असलेल्या गोळ्यांची चाचणी मध्येच थांबवली गेली. गोळ्या घेणाऱ्या दर 10,000 स्त्रियांत वर्षाला 38 जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, न घेणाऱ्यांत 30 जणींना. बातम्यांत मात्र ‘26 टक्के वाढ’ एवढंच गाजलं आणि जगभरातल्या डॉक्टरांनी हात आखडता घेतला. त्या स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं, हे मागे पडलं. पुढे वयानुसार आकडे पाहिल्यावर साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून 10 वर्षांत उपचार सुरू केले तर बहुतेक निरोगी स्त्रियांना फायदा जास्त, असं मत स्थिरावलं. मधल्या काळात कितीतरी बायकांनी हा त्रास विनाकारण सोसला, याचं वाईट वाटतं.

औषधंही बदलली. तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं, त्यामुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. कातडीतून जाणाऱ्या जेलने तो सहसा वाढत नाही. जेल दंडाला किंवा मांडीला लावा, स्तनांवर नको. 5 मिनिटं वाळू द्या, तासभर धुऊ नका, तोवर लहान मुलांना त्या जागेचा स्पर्श होऊ देऊ नका.

गर्भपिशवी काढलेली नसेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन हवंच : साधारणपणे झोपताना 100 मिग्रॅ रोज. ‘दोन-दोन औषधं कशाला’ म्हणून नेमकं हेच सोडलं जातं. मग नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि तिथे कॅन्सर होऊ शकतो. दोन्ही औषधं वर्षानुवर्षं घेतल्यास स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, म्हणून गरज आहे का हे दरवर्षी तपासायचं.

स्तनाचा कॅन्सर, गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका यांपैकी काही होऊन गेलं असेल, यकृताचा आजार असेल किंवा अंगावरून अकारण रक्त जात असेल, तर सुरू करण्याआधीच सांगा. रक्तदाब आणि मॅमोग्राफी करून घ्या. सुरुवातीचे 3 ते 6 महिने रक्ताचे डाग दिसू शकतात. त्यानंतरही रक्त गेलं तर सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघावीच लागते.