बोलावे ते कुणाशी आणि कशासाठी?

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून कोथरूडला राहते. यजमानांच्या भोसरीतल्या वर्कशॉपला वर्षभरात काम मिळेनासे झाले आणि दोन महिन्यांपासून घराच्या कर्जाचे हप्ते थकले आहेत. मन हलके व्हावे म्हणून मी बहिणीला, जावेला, ऑफिसातल्या मैत्रिणींना, सोसायटीतल्या शेजारणींनाही सारे सांगत आले. आता बहीण फोन लवकर आवरता घेते, आणि परवा हळदीकुंकवाला माझ्यामागे कुणीतरी ‘बिचारी’ म्हटलेले मी ऐकले. यजमान तर माझ्याशी बोलतच नाहीत. यापुढे कुणापाशी काहीच बोलू नये का?

उत्तर : ‘बिचारी’ हा शब्द तुम्हाला किती लागला असेल, हे तुमच्या पत्रातून जाणवते. तरीही माझे उत्तर ‘तोंड मिटून सोसा’ असे नाही. तुमच्या बहिणीची माया आटली असेल, असेही मला वाटत नाही. तीच हकीकत तिने अनेकदा ऐकली, पण त्यात आपण नेमके काय करावे हे तिला एकदाही कळले नाही, म्हणून ती थकली असावी. जिवलग मैत्रिणी एकच दुःख पुन्हापुन्हा उगाळतात तेव्हा त्यांची जवळीक वाढते, पण त्याबरोबर उदासी आणि चिंताही वाढताना दिसते, असे अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी शाळकरी मुलामुलींच्या अभ्यासातून २००२ मध्ये मांडले होते. मोठ्या माणसांच्या बाबतीतही मला हे पटते.

मला अधिक काळजी वाटते ती तुमच्या यजमानांची. तुम्ही जे सांगत होता ते तुमचे दुःख होते हे खरेच, पण ती त्यांच्या अपयशाचीही हकीकत होती, आणि ती कुणाला कळावी हे ठरवण्याची संधी त्यांना मिळालीच नाही. सकाळी लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाला आपले थकलेले हप्ते ठाऊक आहेत, हे मनात घेऊन घराबाहेर पडणे फार कठीण असते. म्हणून आधी त्यांच्याशी बोला, आणि ‘माझे चुकले’ एवढे स्पष्ट शब्दांत म्हणा.

मग दोघे मिळून बँकेत जा, आणि तेही याच आठवड्यात. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की ते कर्ज अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या लेखी वसुली धोक्यात आलेले, ठरते, आणि त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जापोटी तारण घर ताब्यात घेण्याची मुभा बँकेला देणारा कायदा) बँक ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. तुमच्या हाती अजून साधारण महिना आहे. मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळेल का, असा लेखी अर्ज शाखा व्यवस्थापकांना द्या आणि त्याची पोच घ्या. त्यांच्यासमोर रडू आले तरी संकोच नको, मात्र उत्पन्नाचे कागद बरोबर असू द्या.

रात्री मन भरून आले तर वहीत लिहा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, मनातले क्लेशदायक अनुभव लिहायला सांगितले होते; पुढच्या काही महिन्यांत त्यांना विद्यापीठाच्या दवाखान्याची गरज इतरांपेक्षा कमी पडली. झोप किंवा भूकच उडाली असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

बहिणीलाही फोन करा, पण या वेळी एकच मागा : “शनिवारी दोन तास ये आणि बँकेचे कागद लावायला मला मदत कर.”