मसाई मारा पाहायला जा, पण ठेव मोडून नको

ताई, तुमच्या पत्राचा सारांश असा: येत्या ऑगस्टमध्ये तुम्हा दोघांना केनियात मसाई मारा अभयारण्य पाहायचं आहे, वाइल्डबीस्ट या गायीसारख्या दिसणाऱ्या हरणवर्गीय प्राण्यांचे कळप नदी ओलांडताना बघायचे आहेत. या आठवड्यात सगळे पैसे भरले तर टूर कंपनी दहा टक्के सवलत देते आहे. त्यासाठी अडीअडचणीला ठेवलेली मुदत ठेव मोडावी लागेल, नाहीतर कर्ज काढावं लागेल. यजमान दीड वर्षाने निवृत्त होणार आहेत.

माझं मत आधी सांगते. जरूर जा, आणि निवृत्तीनंतर बघू म्हणून फार लांबवूही नका. खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास जीपमध्ये बसायचं तर पाठ आणि गुडघे धडधाकट हवेत. पण ती ठेव मोडू नका, कर्ज तर मुळीच काढू नका. त्यासाठी ऑगस्टचा हट्ट सोडून फेब्रुवारीत जावं लागेल.

मसाई मारात परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर प्रवेशशुल्क पडतं, जुलै ते डिसेंबर 200. तुमचे तिथले दिवस चार. म्हणजे दोघांचे ऑगस्टमध्ये 1600 डॉलर, फेब्रुवारीत 800. सिंह तेच, चित्ते तेच, हत्तीही तेच. ते वर्षभर तिथेच असतात. हा नुसता फाटकावरचा फरक झाला. कॅम्पचे दरही ऑगस्टमध्ये चढेच असतात. शिवाय तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहापर्यंतच चालतं. आत मुक्काम असेल तर निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाहेर पडावं लागतं, नाहीतर आणखी एका दिवसाचे पैसे. कंपनीने दिलेल्या दरपत्रकात किती तिकिटं धरली आहेत, हे मोजून घ्या.

आता नदीचं. कळप काठावर येतात, तासभर थबकतात आणि पुष्कळदा तसेच माघारी फिरतात. अमुक दिवशी ते पाण्यात उतरतील, याची हमी कुणीच देऊ शकत नाही. फेब्रुवारीत तर वाइल्डबीस्टचे हे स्थलांतर करणारे मोठे कळप मारात नसतातच. ते तेव्हा टांझानियात, दक्षिण सेरेंगेटी आणि एनडुटूच्या गवताळ पट्ट्यात असतात, आणि थोड्याच आठवड्यांत तिथे लाखो पिल्लं जन्मतात. मला विचाराल तर हे दृश्य नदीपेक्षा तसूभरही कमी नाही. पण तो वेगळा देश, वेगळा व्हिसा, वेगळं शुल्क. तुमच्या सात दिवसांच्या सहलीत दोन्ही कोंबू नका, एकच निवडा. नदी पाहिल्याशिवाय समाधान होणारच नसेल, तर पुढच्या वर्षीचा ऑगस्ट धरा आणि तोवर पैसे साठवा. ती हौस चुकीची नाही. फक्त ती उसन्या पैशावर भागवू नका.

साठवायचं कसं? आजपासून वेगळी आवर्ती ठेव सुरू करा. वर्षाच्या आत लागणारा पैसा शेअर बाजारात अजिबात घालू नका. बिल डॉलरमध्ये येणार, म्हणून अंदाजापेक्षा दहा टक्के जास्त धरा. निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या रकमेतून सहल भागवायचा विचार मनात असेल, तर तो काढून टाका.

सवलतीसाठी सगळे पैसे आधी देण्याच्या मी विरोधात आहे. थोडी रक्कम देऊन जागा पक्की करा, बाकीची निघण्याच्या जवळ. तुमच्या नावाने कॅम्पने स्वतः दिलेली नोंदणीची पावती मागा. ती द्यायला कंपनी टाळाटाळ करू लागली, तर तिथे पैसे अडकवू नका. पैसे परत मिळण्याच्या अटीही लेखी घ्या.

पैसे वाचवायचे तर जीपमध्ये वाचवा. गाडीचं भाडं सहसा गाडीमागे असतं, त्यामुळे आणखी एखादं जोडपं सोबत आलं तर माणशी खर्च बराच उतरतो. फक्त प्रत्येकाला खिडकी मिळेल, हे आधीच ठरवा. विम्यात मात्र काटकसर नको. कॅम्पवरून नैरोबीच्या रुग्णालयात विमानाने हलवायची वेळ आली, तर तो खर्च विम्यात आहे का, हे कागदावर वाचा.

छोटे खर्चही आत्ताच लिहून ठेवा: केनियाची ऑनलाइन प्रवास परवानगी, चालक-मार्गदर्शकाची बक्षिसी, मलेरियाच्या गोळ्या, पिवळ्या तापाची लस. ही लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. नैरोबीहून छोट्या विमानाने जाणार असाल तर माणशी साधारण 15 किलोच सामान नेता येतं, तेही मऊ पिशवीत. नवी चाकाची बॅग घेऊ नका. ते पैसे दोन चांगल्या दुर्बिणींवर खर्च करा. कंपनीकडून फेब्रुवारीचं दरपत्रक आलं की मला पाठवा, आपण दरमहा किती टाकायचे ते ठरवू.