मालिकेतली सगळी माणसं जाड का दिसतात?

प्रश्न : दिवाळीत मुलानं ४३ इंची फोर-के टीव्ही घेऊन दिला. दुकानात त्याच्यावर पोपट दाखवत होते, त्याचं एकेक पीस मोजता येत होतं. घरी आल्यावर मात्र आठच्या मालिकेतली माणसं धूसर, आणि वर जाड! आमच्या जुन्या २१ इंची टीव्हीवर याहून बरं दिसायचं, तो तर ३०० रुपयांना भंगारात गेला. केबलवाला म्हणतो टीव्हीचा दोष, दुकानदार म्हणतो केबलचा. तोच आता १८०० रुपयांची सोनेरी पिनांची एचडीएमआय वायर घ्या म्हणतो. घेऊ का? यजमानांच्या मते मला मोतीबिंदू झालाय.
– निवृत्त शिक्षिका, सहकारनगर

उत्तर : बाई, वायर घेऊ नका, आणि मोतीबिंदूचा निकालही इतक्यात लावू नका. आधी टीव्हीच्या मागे हात घालून बघा. सेट-टॉप बॉक्समधून पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिनांची वायर येतेय का? येत असणार. पांढरी आणि लाल आवाजाच्या. चित्र एकटी पिवळी आणते, आणि तिच्यातून फक्त जुन्या दर्जाचंच चित्र येतं, मग बॉक्स कितीही भारी असो.

जुन्या दर्जाचं म्हणजे ७२० गुणिले ५७६, साधारण चार लाख पंधरा हजार ठिपके. तुमच्या पडद्यावर आहेत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. भागाकार करून पाहा, बरोबर वीस येतो. आलेल्या एका ठिपक्याचे वीस ठिपके टीव्हीनं अंदाजानं भरायचे. एका माणसापुरती आमटी वीस पानांवर वाढायची म्हटली की पाणीच घालावं लागतं. जुन्या टीव्हीवर तेवढीच आमटी एका वाटीत होती. शिवाय त्याची काच मुळातच जरा मऊ दाखवायची, त्यामुळे दोष झाकले जायचे. तेव्हा तुमच्या डोळ्यांनी बरोबरच पाहिलंय.

आता जाडी. माणसं जाड, आणि पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्याही आहेत, असं आहे ना? मग बॉक्स अजून जुन्या चौकोनी टीव्हीच्या आठवणीत आहे. तो चित्र ४:३ च्या, म्हणजे चार भाग रुंद आणि तीन भाग उंच अशा मापात बसवून पाठवतो आणि तुमचा रुंद टीव्ही ते आडवं ताणतो. नायिकेची रुंदी एक तृतीयांशानं वाढते, आहाराचा संबंध नाही. बॉक्सच्या मेनूत जाऊन ४:३ चं १६:९ करा. (जुना कृष्णधवल चित्रपट लागला आणि डाव्या-उजव्या बाजूला काळं दिसलं, तर मात्र राहू द्या. ते चित्र मुळात तेवढंच आहे. “पूर्ण पडद्याचे पैसे मोजलेत” म्हणून ते ताणणारे लोक मला रोज भेटतात.)

आता धूसरपणा. पिवळी काढून साधी एचडीएमआय वायर लावायची, तिच्यातून एचडी, म्हणजे जास्त ठिपक्यांचं चित्र येऊ शकतं. बॉक्सला एचडीएमआयचं भोकच नसेल, तर बॉक्स साधा आहे. पुण्यात २०१३ च्या मार्चअखेरच्या मुदतीपायी घरोघरी सेट-टॉप बॉक्स बसले, तेव्हा मी पाहिलेले बरेचसे साधेच होते. मुंग्या गेल्या, चित्र स्वच्छ झालं, आणि लोकांनी समजूत करून घेतली की एचडी आलं. आलं होतं डिजिटल. एचडी त्याच्या पुढची गोष्ट. केबलवाल्याकडून एचडी बॉक्स मागून घ्या आणि त्याच्या मेनूत ‘५७६’ ऐवजी ‘१०८०’ निवडा. वायर बहुतेक बॉक्सबरोबर मिळते. नाहीच मिळाली तर तपकीर गल्लीत दोन-तीनशेत येते. सोनं गंजत नाही एवढाच त्याचा उपयोग. या वायरीतून आकडे जातात. ते पोचले की पोचले, नाहीतर चित्र लुकलुकतं किंवा जातं. महाग वायरीनं चेहरे उजळत नाहीत.

एवढं करूनही एक काम उरतं, ते माझ्याच घरी उरलं होतं. बॉक्स एचडी, वायर नीट, पॅकचे पैसेही भरलेले. पण सासूबाईंना वाहिनीचा जुना नंबर पाठ, आणि एचडी वाहिनीचा नंबर वेगळा असतो. आठ महिने आम्ही एचडीचे पैसे भरून साधी वाहिनी पाहिली. “मामा, कोपऱ्यातल्या चिन्हात एचडी कुठंय?” असं भाच्यानं विचारलं तेव्हा कळलं. बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी तीस वर्षं टीव्ही दुरुस्त केलेल्या माणसाची ही गत. ही गोष्ट दुकानात अजून कुणाला सांगितलेली नाही.

पोपटाचं काय? तो मुद्दाम दुकानासाठी चित्रित केलेला असतो, पेन ड्राइव्हवरून चालतो, आणि टीव्हीही सगळ्यात भडक मोडवर ठेवलेला असतो. “आमची आठची मालिका लावून दाखवा” असं म्हणायचं होतं. मालिका फोर-केमध्ये येतही नाही. आणि आली असती, तरी ४३ इंचावर फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक साध्या नजरेला साडेपाच फुटांच्या आतूनच कळतो. तुमचा सोफा कुठे आहे ते मोजा. मुलाला मात्र हे सांगू नका, त्यानं प्रेमानं घेतलाय.

प्रश्न : बातम्यांची खालची पट्टी अर्धी कापली जाते. पॅनेल गेलं का?
– धनकवडी

उत्तर : नाही. जुन्या काचेच्या टीव्हीत कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीआड लपवायची रीत होती. नव्या टीव्हीनं ती खोड उचलली. चित्राच्या मापाच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असं काहीतरी असेल, ते लावा. मेकॅनिकला बोलावू नका, पॅनेल बदलायचंच म्हणेल.

प्रश्न : पाऊस आला की चित्राचे चौकोन होतात. एचडी छत्री घेतली तर थांबेल का?
– वारजे

उत्तर : एचडीची वेगळी छत्री नसते. उपग्रहाकडून येणारा सिग्नल दाट पावसात वाटेतच शोषला जातो. धो-धो पडत असेल तर चहा टाका आणि थांबा. भुरभुर पावसातही चौकोन येत असतील तर छत्रीचं तोंड हललंय. गच्चीवर गोधडी वाळत घालायची काठी तिला टेकवून ठेवलेली नाही ना, ते आधी पाहून या.