ठाण्यात तरुण ज्यूंचा, सामाजिक काम करणारा गट कसा सुरू करावा?

ठाणे-मुंबईतल्या विशी-तिशीच्या बेने इस्रायल (मराठी बोलणारे ज्यू) मुलामुलींना एकत्र आणून सामाजिक काम करायचंय, सुरुवात कशी करावी, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, शुक्रवार सोडा आणि शनिवारची संध्याकाळ धरा.

शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होऊन शनिवारी रात्री संपतो. त्याचे दिवे शुक्रवारी सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लावायचे असतात. डिसेंबरात त्या वेळी निम्मे जण ऑफिसात असतात. शिवाय जे शब्बाथ काटेकोर पाळतात, ते त्या काळात प्रवास करत नाहीत, म्हणून त्यांना जेवून लोकलने घरी परतता येत नाही. हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप देणारा छोटा विधी, शब्बाथ संपल्यावर, डिसेंबरात साडेसहाच्या आणि जूनमध्ये पावणेआठच्या सुमारास होतो (तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो, पण पावसाळ्यात तारे कुठले दिसणार, कॅलेंडरची वेळ पाळा). प्रवास, फोन, पैसे, सगळं तेव्हा मोकळं असतं. दहा पुरुषांच्या मिन्यानसाठीही (सामूहिक प्रार्थनेला लागणारी किमान संख्या) अडून राहावं लागत नाही.

सामान थोडंच लागतं: काळ्या मनुकांचं सरबत, डबीत लवंग-दालचिनी आणि ज्योती एकत्र येतील अशा धरलेल्या दोन मेणबत्त्या. आशीर्वाद चारच आहेत. हिब्रू, त्याखाली देवनागरी उच्चार आणि मराठी अर्थ असा एकच कागद काढा. हिब्रू न येणारे मागच्या रांगेत गप्प बसतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. मेणबत्ती नव्याने आलेल्याच्या हातात द्या. 'आई ज्यू आहे का?' (परंपरेने ज्यूपण आईकडून मोजतात) हा प्रश्न दारात कुणीही विचारायचा नाही. लग्नाचे, धर्मांतराचे निर्णय सिनेगॉगचे (ज्यू प्रार्थनास्थळाचे); तुमच्याकडे फक्त सोबत बसायचंय.

जेवण शाकाहारी ठेवा, म्हणजे कोशेरचा (ज्यू धर्मनियमांत बसणाऱ्या अन्नाचा) वाद फारसा उरत नाही. अधूनमधून मलिदा, म्हणजे बेने इस्रायलांचा पोह्यांचा गोड पदार्थ, करा. वीस जणांना किलोभर पातळ पोहे, दोन नारळ, साखर, वेलची, सुका मेवा आणि फळं पुरतात. पोह्यांवर पाणी फक्त शिंपडा, भिजत घातले की लगदा होतो.

काम रविवारी. इथे बहुतेक गट फसतात: एकदा पाकिटं वाटायची, फोटो काढायचे, संपलं. त्यापेक्षा एकच वस्ती, महिन्यातून दोन रविवार, किमान वर्षभर. वस्तीत आधीपासून काम करणाऱ्यांना विचारा की नेमकं काय कमी पडतंय. कळव्यात गेब्रिएल प्रोजेक्ट मुंबई ही ज्यू संस्था मुलांसाठी काम करते, तिथून सुरुवात करता येईल. रविवारची कामं शनिवारी हवदालानंतर तिथेच वाटून घ्या. दोन्हींचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वेगळे केलेत, तर गटही दोन होतात.

2008 च्या नरिमन हाऊस (मुंबईतलं ज्यू केंद्र) हल्ल्यानंतर एक काळजी घ्यावीच लागते: पत्ता जाहीर टाकू नका. नावं आधी मागवा आणि ठिकाण त्यांनाच कळवा.